बरोबर आहे तुमचं

कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर आमची बस मध्येच थांबली ती खरं म्हणजे कोणाला तरी मळमळत होतं म्हणून. फोटो स्टॉप वगैरे नव्हता. पण टूरच्या बसचं एक असतं, दार उघडलं की सगळी चाळीस माणसं खाली उतरतात आणि फोटो सुरू होतात, मग समोर धबधबा असो नाहीतर पेट्रोल पंप. इथे समोर शेत होतं. बटाटे नुकतेच काढलेले आणि जमीन लाल. लाल म्हणजे आपली कोकणातली असते ना तशी, विटेपेक्षाही गडद, वर एकदम धुतल्यासारखं निळं आकाश आणि शेत संपतं तिथे समुद्राची बारीक रेघ. "अय्या, रत्नागिरी!" असं सगळ्यांचं करून झालं. मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून उभी होते, तेवढ्यात बांधाच्या कडेला नेरूळचे काका उकिडवे बसलेले दिसले. हातात हॉटेलच्या ब्रेकफास्टमधला लाकडी चमचा. वरचा थर त्यांनी चमच्याने बाजूला केला, एक वाळलेलं मूळ उचलून फेकलं, आणि खालची माती एका छोट्या काळ्या डबीत भरायला लागले. अगदी मन लावून, औषध मोजून भरावं तसं. आणि मी म्हणाले, चांगली मोठ्याने म्हणाले, "काका, माती नेता येत नाही हं! कस्टम्समध्ये पकडलं ना, तर तुमच्यापायी आमच्या सगळ्यांच्या बॅगा उघडतील." सगळे वळले. डोंबिवलीच्या दोघी बहिणींपैकी एकीने लगेच, "काका गॅलरीत बटाटे लावणार वाटतं!" आणि हशा. काकांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डबी उलटी केली, बुटाच्या टाचेवर दोनदा आपटली, रुमालाने आतून पुसली, झाकण लावलं. "बरोबर आहे तुमचं, ताई," म्हणाले, आणि बसमध्ये जाऊन बसले.

माझं बरोबरच होतं. झाडं, बिया, माती असलं काही परदेशातून उचलून आणायचं नसतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी ते "बरोबर आहे तुमचं" काही डोक्यातून जाईना. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस मला तुमचं म्हणतो, आवाज चढवत नाही, एक्सक्यूज देत नाही, नुसती डबी पुसतो. रागावले असते तर बरं झालं असतं, मी पण चार शब्द बोलले असते आणि विषय मिटला असता.

तर ही टूर. गणपती उरकले, गौरींची भांडी माळ्यावर गेली आणि आम्ही दोघं निघालो. नायगारा, रॉकीज वगैरे आमच्या सोसायटीत सगळ्यांचं झालंय, त्यामुळे कॅनडाचे पूर्वेकडचे समुद्रकाठचे प्रांत म्हटल्यावर नवऱ्याला जरा भाव खायला मिळाला. नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि हे बेट, ग्रुप आपल्याच माणसांचा, बस आणि ड्रायव्हर तिथला. ज्यांनी अशी टूर केलीये त्यांना सांगायला नको. सहा-सात-आठ, म्हणजे सहाला उठवणार, सातला ब्रेकफास्ट, आठला बस हलणार. रोज सीट बदलायची, काल ज्या रांगेत होतात त्याच्या दोन रांगा मागे, म्हणजे खिडकी आणि पुढची सीट सगळ्यांना मिळते म्हणे. यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी भाऊबंदकीत होत नसतील. माणसं मोजायला प्रत्येकाला नंबर, आमचा अठरा-एकोणीस. तिसऱ्या दिवसापर्यंत कोणाचं खरं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, वाशीचे डॉक्टर, डोंबिवलीच्या बहिणी, ते पार्ल्याचे शेंगदाणेवाले, आणि नेरूळचे काका-काकू. आमच्याकडे बघून लोक काय म्हणत असतील देव जाणे. घोडबंदरचे झोपाळू बहुतेक, कारण नवरा बस सुरू झाली की पाचव्या मिनिटाला मान टाकायचा आणि समुद्र आला की मी कोपराने ढोसायचे, तो "वा" म्हणून परत झोपायचा.

नेरूळचे काका तसे कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते. काकू गप्पिष्ट, डबा उघडून सगळ्यांना मेथीचे ठेपले वाटणाऱ्या, आणि हे शेजारी खिडकीबाहेर बघत बसणार. फोटो काढायचे, पण कसले? रस्त्याच्या कडेला डोंगर कापलेला असला की त्या कापलेल्या भागाचा. पुलाच्या खालच्या खांबाचा. आमचा सगळ्यांचा ग्रुप फोटो एकदा त्यांच्याकडून काढून घेतला तर सगळ्यांची डोकी अर्धी आणि खालचा कातळ मात्र कडक फोकसमध्ये. आम्ही हसलो होतो, तेव्हाही.

तो कातळ पेगीज कोव्हचा. पांढुरका ग्रॅनाइट, हत्ती झोपल्यासारखे गोल गोल दगड, त्यावर १९१५ चं दीपगृह, पांढरं, वर लाल टोपी. तिथे पाट्या लावल्यात की काळ्या खडकांवर जाऊ नका. काळा म्हणजे ओला, म्हणजे लाट तिथपर्यंत येऊन गेलेली आणि परत कधीही येईल. टूर मॅनेजर पोरगा बिचारा घसा फोडून ओरडत होता, काळ्यावर नको, पांढऱ्यावर, काळ्यावर नको, आणि पार्ल्याचे शेंगदाणेवाले बरोब्बर काळ्यावर. वारा असा की ओढणी तोंडावर येऊन बसलेली, मिठाचा वास, आणि मध्येच लाट आपटली की पोटात हलकं हलतं. मला भीती वाटली आणि मजापण आली. दुपारी हॅलिफॅक्सला ती टायटॅनिकची दफनभूमी. १२१ जण आहेत तिथे, लहान लहान ग्रॅनाइटचे दगड बोटीच्या कडेसारख्या वळणात मांडलेत, कित्येकांवर नाव नाही, नुसती १५ एप्रिल १९१२ ही तारीख आणि एक नंबर, कितवं प्रेत सापडलं त्याचा. आमचे लोक सगळे जे. डॉसन लिहिलेल्या दगडाकडे धावले, सिनेमातला तो हाच म्हणून. टूर मॅनेजर सांगतोय की हा जोसेफ डॉसन, बोटीवर कोळसा सारायला होता, सिनेमाचा काही संबंध नाही, पण ऐकतंय कोण. मी त्या नंबरांकडे बघत होते आणि मनात अठरा-एकोणीस, अठरा-एकोणीस चालू होतं. शेवटी पटकन बसमध्ये जाऊन बसले.

ग्रां-प्रे नावाच्या ठिकाणी मात्र मी चक्क कंटाळले होते आणि आता त्याचंच वाईट वाटतंय. तिथे शेकडो वर्षांपूर्वी फ्रेंच बोलणारे शेतकरी येऊन राहिले, अकेडियन म्हणतात त्यांना, आणि त्यांनी समुद्राला बांध घालून खाजणाची शेतं केली. बांधाच्या पोटातून एक लाकडी पन्हळ, तिच्यात एक झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरती आली की समुद्राच्या पाण्यानेच झडप बंद होते. दोनतीन वर्षं पावसाने मीठ धुऊन काढायचं, मग पेरायचं. १७५५ पासून पुढच्या काही वर्षांत इंग्रजांनी त्या लोकांना बोटींत घालून देशोधडीला लावलं, दहा हजारांवर माणसं, घरं जाळली, बायकापोरं एकीकडे आणि नवरे दुसरीकडे. बांध मात्र राहिले आणि पुढे दुसऱ्यांनी ती शेती केली. हे सगळं चालू असताना मी स्वेटरचं बिल टॅक्स धरून किती झालं याचा हिशोब करत होते. आणि मागून काकांचा आवाज आला, कोणालाच उद्देशून नाही, "ही तर उघाडी." काकूंनी विचारलं, "काय?" "उघाडी. पेण-अलिबागकडे खारबंदिस्तीला असते ती." आमच्या कळव्याच्या अलीकडे खारेगाव आहे, रोज त्या नावाखालून जातो आपण, त्यातलं खार म्हणजे काय ते मला कधी सुचलं नव्हतं. मागे वळून काहीतरी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

होपवेल रॉक्सला मात्र सगळेच गप्प झाले, अगदी डोंबिवलीच्या बहिणीसुद्धा. फंडीचा उपसागर. आपल्याकडे पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती असली की दिवसभर टीव्हीवर पट्टी फिरते आणि माणसं मरीन ड्राइव्हला भिजायला जातात. तिथे या उपसागराच्या आतल्या टोकाला सोळा मीटरपर्यंत पाणी चढतं. आमच्या सोसायटीचा पाचवा मजला! आणि दिवसातून दोनदा, भोंगा नाही की पट्टी नाही. बादली अर्धी भरून जिना चढताना पावलांचा आणि पाण्याचा झोका जुळला की पाणी कसं उसळून अंगावर येतं, तसं त्या उपसागराचं आहे म्हणे. त्याचा स्वतःचा झोका आणि समुद्राच्या भरतीचा साडेबारा तासांचा झोका जवळपास जुळतात, म्हणून प्रत्येक भरतीला आणखी एक ढकल मिळते. आम्ही ओहोटीला पोचलो. लोखंडी जिना उतरून थेट समुद्राच्या तळाला. वर बघितलं तर तांबूस दगडांचे प्रचंड सुळके, खाली बारीक, वर जाड, डोक्यावर झाडं उगवलेली, कुंडीत ठेवल्यासारखी. आपण उभे आहोत तिथे चार तासांपूर्वी पाणी होतं आणि चार तासांनी परत असणार. शेवाळाचे पिवळट झुबके लोंबतायत, त्यांच्यात हवेचे फोड, ते बोटाने दाबले की फटकन फुटतात, मी चारपाच फोडले. चिखल गुळगुळीत, चॉकलेटी, बुटाला धरून ठेवणारा. तिथला एक खडक हत्तीसारखा दिसायचा, तो २०१६ मध्ये एका बाजूने कोसळला, असं गाइड सांगत होती आणि आमच्यातले दोघं तिघं तसल्याच दुसऱ्या सुळक्याखाली सेल्फी काढत होते. वर आल्यावर बूट धुवायला पाण्याचे पाइप ठेवलेत. तिथे ही मोठी लाइन. मी म्हटलं जाऊ दे, बसमध्ये पेपर टाकून बसू, आणि नवऱ्याच्या हातातला टिश्यू घेऊन वरवर पुसले.

हे बूट लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी तो पूल. बेटाला जोडणारा कॉन्फेडरेशन ब्रिज, १२.९ किलोमीटर, १९९७ मध्ये सुरू झाला. छोट्या गाडीतून कठड्याच्या भिंतीमुळे समुद्र दिसत नाही म्हणे, बस उंच म्हणून आम्हाला दिसला. पूल मुद्दाम वळणावळणाचा ठेवलाय, सरळ असता तर ड्रायव्हरला डुलकी लागली असती. (यावर मी नवऱ्याकडे बघितलं. झोपलेला.) आकडा ऐकल्या ऐकल्या वाशीचे डॉक्टर, "ह्यॅ, आपला अटल सेतू २१.८ आहे!" आणि बसमध्ये टाळ्या. मग टोलचा विषय निघाला, बेटावर जाताना काही घेत नाहीत, बाहेर पडतानाच घेतात, हे ऐकल्यावर ठाणेकर म्हणून मला बोलणं भागच होतं, आनंदनगर टोलनाक्यापासून सगळं काढलं मी. या गोंगाटात काका एवढंच म्हणाले की इथे हिवाळ्यात समुद्र गोठतो, खांबांना पाण्याच्या पातळीला शंकूसारखा आकार दिलाय, बर्फ त्यावर चढतो आणि स्वतःच्या वजनाने मोडतो. "आपल्याकडे तो त्रास नाही," असं डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टरांना ते टोमण्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलून लॉबस्टरवर नेला. तिकडे सगळीकडे शेवंड, बर्गरमध्येसुद्धा शेवंड. असो.

आणि मग ते शेत, ती डबी. ते सुरुवातीला सांगितलंच.

त्याच संध्याकाळी मी एका दुकानातून मुलासाठी टी-शर्ट घेतला. तिथल्या लाल मातीत रंगवलेला. खरंच, बेटाच्या मातीने रंगवलेले टी-शर्ट विकतात ते, विटकरी-नारिंगी असा मऊ रंग येतो. काउंटरवर उभी होते तेव्हा मागे नेरूळच्या काकू फ्रीज मॅग्नेट बघत होत्या, त्यांनी शर्ट हातात घेऊन "छान रंग आहे" म्हटलं, आणि मला एकदम कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. माती पैसे देऊन आणि पावती घेऊन नेली की चालते, एवढा साधा विनोद होता खरं तर. पण तो मला कोणाला सांगता येईना. पुढचे दिवस चांगले गेले. केप ब्रेटनचा तो डोंगर आणि समुद्राच्या मधून फिरणारा रस्ता, मेपलची झाडं एका बाजूने लाल व्हायला लागलेली, इंग्रजीखाली गेलिक या स्कॉटिश भाषेत लिहिलेल्या गावांच्या पाट्या, मूस म्हणजे तिथलं ते मोठं हरीण दिसेल दिसेल म्हणून दुखलेल्या माना. दिसला नाही. काका-काकूंशी रोज गुड मॉर्निंग व्हायचं. काका हसायचे सुद्धा. फोटो काढायचं मात्र त्यांनी कमी केलं होतं, का मलाच तसं वाटत होतं कोण जाणे.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. "हे चालणार नाही" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हटलं असेल त्याचा हिशोब नाही. काचेच्या आडून बोलायचं म्हणजे आवाज आपोआप मोठा होतो आणि लाइनीतल्या दहा लोकांना ऐकू जातो, ते आपल्या लक्षातही येत नाही. एक आजोबा यायचे पेन्शन काढायला, निवृत्त शिक्षक, स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांचा हात थरथरायला लागला आणि सही जुळेना. एकदा परत पाठवली स्लिप, दुसऱ्यांदा पाठवली, तिसऱ्यांदा मी म्हटलं, "आजोबा, सही राहू द्या, अंगठा द्या, अंगठा चालतो." नियमाप्रमाणे सोय सांगितली मी, मदतच केली. ते स्टॅम्प पॅडकडे बघत राहिले. आयुष्यभर पोरांची अक्षरं वळवलेला माणूस, आणि मागच्या लाइनीत त्यांचाच एक विद्यार्थी उभा होता हे मला नंतर शिपायाने सांगितलं. त्यांनी अंगठा दिला, निळं बोट शर्टाला लागू नये म्हणून हात लांब धरून बाहेर गेले. ते काय म्हणाले ते नीट आठवत नाही, पण सूर हाच होता. बरोबर आहे तुमचं. व्हीआरएस घेऊन चार वर्षं झाली, काच गेली, आवाज तसाच राहिलाय. नवरा म्हणतो भाजीवाल्याशीसुद्धा तू टोकन नंबर पुकारल्यासारखी बोलतेस.

डिसेंबरमध्ये ग्रुपचं गेट-टुगेदर झालं वाशीला, एका हॉलमध्ये, पावभाजी, गुलाबजाम आणि पडद्यावर फोटो. काका आले नव्हते, सर्दी होती. काकू भेटल्या. मी सहजच केल्यासारखं दाखवून विचारलं की काकांना मातीची आवड आहे का, बागकाम वगैरे. काकू हसायलाच लागल्या. "अहो बाग कसली! आयुष्यभर सरकारी रस्त्यांच्या लॅबमध्ये होते, माती तपासायचे. जिथे जातील तिथली डबीत भरायची. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तर तिथली पण डबी आहे. या एकदा बघायला, म्युझियम आहे आमच्याकडे." मी तिथे ताटात पाव घेऊन उभी. इतके दिवस मी मनात एक गोष्ट रचली होती, की काका कोकणातले असणार, गाव सुटलं असणार, लाल माती बघून गलबलून आलं असणार आणि मी मेली त्यावर पाय दिला. ते गाव वगैरे सगळं मीच त्यांना चिकटवलं होतं, माझ्या हळहळीला शोभेल असं. काकू म्हणाल्या, मूळचे सोलापूरचे.

जानेवारीत थंडी पडली, म्हणजे ठाण्याच्या मानाने पडली, आणि उपवनला चालायला जायचं म्हणून ते बूट माळ्यावरून काढले. कॅनडाहून आल्यावर एकदाच घातले होते, मग पिशवीत बांधून ठेवलेले. गॅलरीत पेपर पसरून एकावर एक आपटले तर तळव्याच्या खाचांतून लाल खपल्या पडल्या. थोड्या चॉकलेटी, जास्त लाल, नखाएवढ्या, एकीवर तर बुटाच्या नक्षीचा ठसा उलटा उठलेला. मी तशीच बसले पाटावर. कस्टम्समधून ग्रीन चॅनलने, ताठ मानेने चालत आले होते मी, हे पायात घालून. मग केसांची पिन घेऊन बसले आणि प्रत्येक खाच कोरून काढली. चहाचा चमचाभर भरली. औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी होती त्यात टाकली आणि काकूंना फोन केला.

ठाण्याहून नेरूळ लोकल पकडली, दुपारची, बसायला जागा. ऐरोली, रबाळे, घणसोली, एका बाजूला पारसिकचा कापलेला डोंगर, आणि पहिल्यांदाच मी त्या कापलेल्या भागाकडे नीट बघितलं, वर तपकिरी, खाली काळा. घरी काकांनी स्वतः दार उघडलं. हॉलमध्ये काचेचं कपाट, लोकांकडे ज्यात बाहुल्या आणि ट्रॉफ्या असतात तसं, आणि त्यात डब्याच डब्या, जुन्या फिल्म रोलच्या, काळ्या, राखाडी झाकणाच्या, रांगेने. प्रत्येकीवर चिकटपट्टीखाली बारीक अक्षरात ठिकाण, खोली आणि तारीख. कशेडी घाट, दोन फूट. वाकण फाटा. भाट्ये. आंबेनळी. फिल्म रोल बंद झाल्यावर डब्या मिळेनात, तर एका फोटो स्टुडिओवाल्याकडून त्यांनी शेवटच्या पिशवीभर आणून ठेवल्यात. शेवटच्या रांगेत एक रिकामी होती. ती तीच का ते मी विचारलं नाही.

मी माझी डबी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, पेपर पसरला, थोडी माती तळहातावर घेतली.

"हे कुठलं?"

"माझ्या बुटातलं."

"ते कळलं. कुठलं?"

"त्या बेटावरचं असेल. किंवा होपवेलचं. बूट दोन्हीकडे होते. आणि आल्यावर एकदा येऊरला…"

"म्हणजे तीन ठिकाणचं," ते म्हणाले. डॉक्टरने रिपोर्ट बघून म्हणावं तसं. मग उठून आतून काचेचा एक जाड तुकडा आणि वाटीत पाणी आणलं. चिमूटभर माती, दोन थेंब पाणी, बोटांनी मळून गोळी केली आणि काचेवर बोटं सपाट ठेवून पुढे-मागे, पुढे-मागे, शेवया वळतात तशी वात वळायला लागले. वात बारीक होत गेली आणि दोरा होण्याआधीच तुटली. परत गोळा केली, परत वळली, परत तुटली. "तीन मिलिमीटरपर्यंत जायला पाहिजे," म्हणाले, "हिच्यात वाळू आहे. निम्मी तरी बेटावरची असणार." मी म्हटलं, कोकणासारखीच ना? "रंग सारखा. कोकणात पावसाने बाकीचं सगळं धुऊन नेलं आणि लोखंड मागे राहिलं, त्याचा जांभा झाला. तिकडे मुळात वाळूचा खडकच लाल आहे. गंज दोन्हीकडचा, बाकी काही संबंध नाही." एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते.

मग मी म्हणाले, "काका, त्या दिवशी मी जरा…" आणि पुढचं येईना.

"नियम बरोबर आहे," ते बोटं पुसत म्हणाले. "तिकडे बटाट्याला एक रोग आहे, बुरशी, मातीतूनच पसरते. २०२१ मध्ये त्यापायी त्यांचा बटाटा अमेरिकेत जायचा बंद झाला होता. मला माहीत होतं की ते." मी विचारलं, मग घेत का होतात? त्यांनी कपाटाकडे हात केला आणि परत काचेवरची माती खरवडायला लागले. मी कप ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले तर काकू पापड भाजत होत्या, मान वर न करता हळूच म्हणाल्या, "त्या रात्री जेवले नव्हते हो हे. नुसतं सूप घेतलं. मी म्हटलं, बस लागली असेल." चिमट्याने पापड उलटला आणि माझ्या हातात दिला.

निघताना काकांनी माझी डबी मलाच परत दिली, झाकण घट्ट लावून. मी म्हटलं, राहू द्या की तुमच्याकडे. "लेबल काय लावू हिला? हे सॅम्पल नाही, ही घाण आहे," म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडं हसले. "आणि घरी कुंडीत टाकू नका. तव्यावर चांगली भाजा आधी, मग केरात टाका."

रात्री ओटा आवरल्यावर जुना बिडाचा तवा काढला, तो आता डोशाला पण वापरत नाही मी. गॅस बारीक केला आणि डबी उपडी केली. आधी काहीच नाही, मग गावाकडे सारवलेल्या चुलीला पहिला जाळ लागला की येतो तसा वास सुटला, आणि त्याच्या मागून कुठूनतरी थोडा समुद्राचा, खारट. हॉलमधून नवऱ्याचा आवाज आला, "काय करपतंय गं?" मी काही बोलले नाही, उलथन्याने परतत राहिले.